पाद्री विएराच्या कुठल्या बाजूवर बोलू?

निळावंती

आमच्या वाचनकट्ट्यानं या वर्षी 'सतरावं शतक' हा विषय घेतलाय. बाकीच्यांनी शहाण्यासारखे ओळखीचे लोक धरले. कुणी मलिक अंबर, कुणी गॅलिलिओ. मी हौसेनं पाद्री आंतोनियो विएरा घेतला आणि आता अडकलेय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म लिस्बनचा, १६०८. सहा वर्षांचा असताना घरचे ब्राझीलला, बाइयाला (आजचं साल्वादोर) गेले. पंधराव्या वर्षी आईबापांचं न ऐकता जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात शिरला. पुढे प्रवचनकार म्हणून एवढा गाजला की लिस्बनच्या साव रोक चर्चमध्ये त्याचं प्रवचन असलं की लोक पहाटेच सतरंजी टाकून जागा धरायचे. राजा दों जुआंव चौथा याचा सल्लागार झाला, त्याच्या वतीनं पॅरिस, हेग, रोमला वकिली केली. मग दरबार सोडून उत्तर ब्राझीलमध्ये मारान्यावला मिशनरी. मग इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, कोठडीत. मग रोममध्ये मोठा मानसन्मान. १६८१ मध्ये परत बाइया. तिथे आपली जुनी प्रवचनं छापण्यासाठी घासूनपुसून लिहीत बसला आणि १८ जुलै १६९७ ला, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. कवी फेर्नांदू पेसोआनं त्याला पोर्तुगीज भाषेचा सम्राट म्हटलंय.

माझ्या मते तो आधी प्रवचनकार, बाकी सगळं नंतर. पण वेळ अर्धा तास. आणि कट्ट्यावरचं कुणीतरी उठून "गुलामगिरीबद्दल काय म्हणायचा हो तुमचा पाद्री?" हे विचारणारच. कुठून धरू?

अळूचं_फदफदं

८९ वर्षं, ३० मिनिटं. मिनिटाला तीन वर्षं पडतात. मध्ये कुणी खोकलं तर इन्क्विझिशन निसटायचं.

खापरपणजोबा

विषय छान निवडलात, ताई. एक गंमत सांगतो. १६०८ म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मसाल. तुकोबांचंही प्रचलित जन्मसाल तेच. म्हणजे देहू, जांब आणि लिस्बन एकाच वर्षी!

आणखी एक आख्यायिका सांगायलाच हवी. शाळेत विएरा म्हणे मठ्ठ होता. बाइयाच्या चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करताना डोक्यात एकदम 'कडकन' काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि तिथून पुढे बुद्धी अशी चालायला लागली की विचारू नका. पोर्तुगीजमध्ये ही 'विएराचा कडाका' म्हणून प्रसिद्ध गोष्ट आहे.

विदा_कुठाय

काका, तुकोबांचं जन्मसाल वादात आहे, आणि एका वर्षी जन्मण्यानं काही सिद्ध होत नाही. त्या वर्षी मिल्टनही जन्मला. 'कडाका' ही चरित्रकारांनी रंगवलेली गोष्ट. ज्या पोराच्या हाती जेझुइटांनी अठराव्या वर्षी प्रांताचा वार्षिक अहवाल दिला, तेही लॅटिनमध्ये, ते पोर मठ्ठ नव्हतं.

अळूचं_फदफदं

मला अजून कडकन व्हायचंय. कुठल्या मूर्तीपुढे ते नक्की सांगा.

गावठी_इतिहास

माझं मत १६४० च्या प्रवचनाला. पार्श्वभूमी अशी: डचांनी १६२४ मध्ये बाइया जिंकलं होतं. (विएरा तेव्हा तिथेच होता, आणि वर 'विदा' म्हणतात त्या अहवालात त्याचं वर्णन आहे.) पुढच्या वर्षी ते परत मिळालं, पण १६३० मध्ये डच पेर्नांबुकोत घुसले आणि तिथे मुक्कामच ठोकला. १६३८ मध्ये त्यांनी पुन्हा बाइयाला वेढा घातला, तो कसाबसा परतवला. १६४० मध्ये लोकांची खात्री झाली की आता आपली पाळी. चर्चमध्ये प्रार्थना सुरू. शेवटच्या दिवशी बत्तीस वर्षांचा विएरा उभा राहिला आणि म्हणाला, आज मी लोकांना उपदेश करणार नाही, माझं सगळं बोलणं देवाशी आहे.

आणि मग तो देवाला धारेवर धरतो. आधार बायबलमधल्या त्या स्तोत्राचा: ऊठ, प्रभो, झोपलास का? तो म्हणतो, पापी आम्ही आहोत हे कबूल, पण आज पश्चात्ताप तुला करावा लागेल. द्यायचाच असेल तर दे डचांना ब्राझील. पण उद्या तुझ्या वेदीपुढे दिवा कोण लावणार, तुझ्या आईचे सण कोण करणार, याचा विचार केलायस का? एवढं करून द्यायचंच होतं तर आमच्या लोकांना समुद्र ओलांडायला लावलास कशाला?

आपल्याकडे विठोबाशी असं भांडलेलं चालतं, नव्हे आवडतं. तिकडे कॅथलिक व्यासपीठावरून, भर दुपारी, वरिष्ठांसमोर हे बोलायला छाती लागते. तुमचे तीस मिनिटं एवढ्यावर निघतील.

वसईवाला

गावठी, मस्त लिहिलंत.

आमच्यासाठी जवळचा दुवा असा की त्या काळात वसईही पोर्तुगिजांकडेच होती. विएरा ज्या जुआंव चौथ्याचा लाडका होता, त्याच राजाच्या मुलीच्या, कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना गेली. राजा तोवर वारला होता, तह १६६१ चा. म्हणजे चर्चगेटला लोकल पकडणाऱ्या प्रत्येकाचं या घराण्याशी थोडं देणंघेणं आहे.

बाकी आमच्याकडे १३ जूनला संत अंतोनीचा सण असतो. विएराचं माशांना केलेलं प्रवचन त्याच सणाचं ना?

साओपावलोकर

हो, त्याच दिवसाचं. १३ जून १६५४, साव लुईस, मारान्याव. मी कामानिमित्त ब्राझीलमध्ये राहतो. इथे शाळेतून गेलेल्या कुणालाही विएरा ऐकूनतरी माहीत असतो. पोर्तुगालमध्ये तर हे प्रवचन अकरावीला आहे, त्यामुळे तिकडचे सहकारी नाव काढलं की आपण व्याकरणाचा तास आठवून करतो तसं तोंड करतात.

मूळ आख्यायिका अशी की रिमिनीचे लोक ऐकेनात म्हणून संत अंतोनीनं समुद्राकाठी जाऊन माशांना उपदेश केला. विएरा म्हणतो, मीही आज तेच करतो, माणसं ऐकतच नाहीत. समोर बसलेत साव लुईसचे वसाहतवाले, ज्यांच्या घरात आणि शेतात पकडून आणलेले आदिवासी राबतायत. म्हणजे बोलणं माशांना, लागणं मळेवाल्यांना.

आधी माशांचं कौतुक. तुम्ही ऐकता आणि बोलत नाही. माणसापासून लांब राहता, हे तर फारच शहाणपणाचं. मग खरडपट्टी. तुम्ही एकमेकांना खाता. त्यातही मोठे लहानांना खातात. उलटं असतं तरी निभावलं असतं, एका मोठ्यात शेकडो लहान जेवले असते. पण एका मोठ्याला शंभर पुरत नाहीत, हजार पुरत नाहीत.

खापरपणजोबा

हा तर सरळ मात्स्यन्याय! महाभारतात, अर्थशास्त्रात हेच आहे. राजा नसला की मोठा मासा लहानाला गिळतो.

साओपावलोकर

काका, फरक आहे. तिथे राजा नसला की हे होतं. विएराच्या प्रवचनात राजा आहे, त्याचे अधिकारीही आहेत, आणि गिळणारे तेच आहेत. शार्कला चिकटून फिरणारा मासा तो घेतो तो यासाठीच. नवा गव्हर्नर लिस्बनहून निघाला की त्याला चिकटून किती जण येतात, आणि मोठा मासा गळाला लागला की चिकटलेलेही कसे मरतात, ते सांगतो.

मला सगळ्यात आवडतो त्याचा ऑक्टोपस. डोक्यावर टोपडं, म्हणून संन्यासी वाटतो. हातपाय पसरले की तारा वाटतो. अंगात हाड नाही, म्हणून साक्षात सौम्यपणा. आणि समुद्रातला सगळ्यात मोठा दगाबाज तोच, कारण ज्या दगडावर बसेल त्या दगडाचा रंग घेतो. विएरा म्हणतो, येशूला दगा देणाऱ्या यहूदानं फक्त मिठी मारली, धरलं दुसऱ्यांनी. हा मिठीही मारतो आणि धरतोही. व्यासपीठावरून कुणाकडे बघून बोलला असेल देव जाणे.

प्रवचन झाल्यावर काही दिवसांत तो गुपचूप जहाजात बसून लिस्बनला गेला, राजाकडून आदिवासींच्या बाजूचा कायदा आणायला. आणलाही, १६५५ मध्ये.

अळूचं_फदफदं

आमच्या सोसायटीच्या कमिटीत दोन ऑक्टोपस आहेत. नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मडगांवची_माय

मला नवल वाटतंय की चांगल्या चोराचं शेर्मांव (प्रवचन) अजून कुणी काढलं नाही! गोंयकारांना तर ते पाठ पाहिजे.

१६५५, लिस्बन, मिझेरिकॉर्दिया चर्च. विषय येशूबरोबर क्रुसावर चढवलेला चोर. सुरुवातीलाच म्हणतो की हे प्रवचन खरं तर राजवाड्याच्या चर्चमध्ये व्हायला हवं होतं, इथे नको. कारण बोलायचंय राजे आणि त्यांनी नेमलेल्या चोरांवर. रस्त्यावर खिसा कापणारा फाशी जातो, आणि ज्यांच्याकडे राजा प्रांत सोपवतो ते अख्खी शहरं लुटतात आणि दुसऱ्यांना फाशी देतात, असा एकूण सूर.

आणि मग आपण येतो त्यात. विएरा सांगतो की तेव्हाच्या राजानं फ्रान्सिस झेविअरला हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं कळवलं की इकडे 'लुबाडणे' हा लॅटिन धातू सगळ्या अर्थांमध्ये चालवतात. एवढ्यावर न थांबता विएरा तो धातू खरोखर चालवून दाखवतो. अधिकारी उतरला की पहिला निर्देशार्थ: कुठे काय मिळेल ते जाणकारांकडून दाखवून घेतो. मग आज्ञार्थ: हुकमानं उचलतो. इच्छार्थ: दुसऱ्याच्या घरी चांगली वस्तू दिसली की एवढी तारीफ करायची, की मालकाला ती भेट देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. संकेतार्थ: आपलं चिमूटभर भांडवल श्रीमंताच्या भांडवलाला जोडायचं आणि निम्मा नफा घ्यायचा. दुसऱ्यांना चोरायची परवानगी द्यायची, तीही विकत. आणि शेवटी अनंत, म्हणजे कारकीर्द संपली तरी चोरी संपत नाही, मुळं मागे ठेवून जातात. प्रथम पुरुष साहेब, द्वितीय पुरुष साहेबाचे नोकर, तृतीय पुरुष ज्याच्यात चलाखी आहे तो प्रत्येक जण.

माझे पप्पा सरकारी नोकरीत होते. त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा हसले नाहीत, "मग?" म्हणाले फक्त.

गावठी_इतिहास

इच्छार्थ! आमच्याकडच्या आंब्याच्या पेट्या अशाच जायच्या.

खापरपणजोबा

पण मराठी माणसानं जेझुइट निवडायचा तर फादर स्टीफन्स का नाही? राशोलला बसून क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं, ओवीबद्ध, ज्ञानेश्वरीची भाषा पचवून. त्यांच्यावर अर्ध्या तासात बोलायला काहीच अडचण नाही.

निळावंती

काका, स्टीफन्स आमच्याकडे दोनदा झालाय! म्हणूनच दुसरा घेतला.

मडगांवची_माय

राशोल निघालंच आहे तर सांगते. विएरानं माशांना उपदेश केला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६५५ मध्ये, राशोलच्या छापखान्यातून आंतोनियो द साल्दान्य या जेझुइटानं संत अंतोनीचं चरित्र छापलं, इथल्या लोकांच्या भाषेत. तोच संत, तोच संघ, दोन समुद्र. इथे अंतोनी पुराणासारखा सांगितला जात होता, तिकडे त्याच्या आडून मळेवाल्यांना झोडलं जात होतं.

(इथल्या भाषेला मराठी म्हणायचं की कोकणी यावर कुणी सुरू करू नका, तो धागा अजून जिवंत आहे.)

संपादक मंडळ

त्या विषयावरचे प्रतिसाद इथून हलवले जातील. कृपया विएरावर राहावे.

सावळ्या

इतका वेळ वाचतोय. ऑक्टोपस झाला, व्याकरण झालं, देवाशी भांडण झालं. निळावंतींनी स्वतः विचारलेल्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही.

१६३३. बाइयातला एक उसाचा कारखाना. जपमाळेच्या भक्तीसाठी काळ्या गुलामांचा एक भ्रातृसंघ होता, त्यांच्यापुढे विएराचं प्रवचन. तो पंचवीस वर्षांचा, गुरुदीक्षाही झालेली नाही. नंतर जपमाळेवरच्या त्याच्या तीस प्रवचनांच्या संग्रहात हे चौदावं म्हणून छापलं गेलं. त्यात तो गुलामांना सांगतो की येशूच्या क्रुसाशी आणि यातनांशी तुमच्या कष्टांइतकं मिळतंजुळतं जगात दुसरं काही नाही. तो उघडा, तुम्ही उघडे. तो उपाशी, तुम्ही उपाशी. त्याला रात्री झोप नाही, दिवसा विसावा नाही, तुमचंही तसंच. बेड्या, फटके, जखमा, शिव्या, सगळं सारखं. आणि मग येतं ते खरं वाक्य: हे सगळं धीरानं सोसलंत तर तुम्हाला हुतात्म्याचं पुण्य मिळेल.

ते 'सोसलंत तर' वाचा. आफ्रिकेतून ओढून आणणं ही देवाची कृपा, कारण त्यामुळे तुम्हाला खरा धर्म मिळाला, हेही त्याच प्रवचनात आहे. कारखानदार मागे उभा राहून हे ऐकत असेल तर त्याला एका शब्दाचीही अडचण नव्हती.

गावठी_इतिहास

सावळ्या, मुद्दा बरोबर पण अर्धा. आदिवासींना गुलाम करण्याविरुद्ध तो आयुष्यभर लढला. त्यापायी १६६१ मध्ये मारान्यावच्या वसाहतवाल्यांनी बंड करून त्याला आणि बाकी जेझुइटांना जहाजात घालून लिस्बनला हाकलून दिलं. त्या काळात किती धर्मगुरूंनी एवढं अंगावर घेतलं?

सावळ्या

आदिवासींसाठी घेतलं. मग मळ्यात राबायचं कुणी? यावर त्याचं उत्तर होतं अंगोलाहून गुलाम आणा. एकाची सुटका दुसऱ्याच्या मानेवर.

आणि म्हातारपणीचं पत्र. पळालेल्या गुलामांनी जंगलात पामारेस नावाची स्वतःची वस्ती उभी केली होती, कित्येक दशकं टिकवली होती. तिथे मिशनरी पाठवून समेट करावा का, असं १६९१ मध्ये विचारलं गेलं. विएरानं पद्धतशीर कारणं देत नाही म्हटलं. त्यांना मोकळं राहू दिलं तर बाकीचेही त्याच वाटेनं जातील आणि ब्राझील बुडेल, हे त्यातलं वजनदार कारण. तीन वर्षांनी पामारेस उद्ध्वस्त केलं, २० नोव्हेंबर १६९५ ला तिथला पुढारी झुंबी मारला गेला. ब्राझीलमध्ये आज तो दिवस पाळतात, विएराचा नाही.

साओपावलोकर

२० नोव्हेंबरला आता इथे देशभर सुट्टी असते, ते खरं आहे.

लिस्बनचीही गोष्ट जोडतो. साव रोकजवळच्या चौकात २०१७ मध्ये विएराचा पुतळा बसवला, हातात क्रूस, पायाशी तीन आदिवासी मुलं. २०२० च्या जूनमध्ये त्यावर लाल रंग फासून कुणीतरी 'वसाहतवाद पुसा' अशा अर्थाचं लिहिलं. पोर्तुगालमध्ये त्यावरून मोठी भांडणं झाली. एक बाजू म्हणे हा तर आदिवासींचा कैवारी, दुसरी म्हणे ती मुलं पायाशी का?

विदा_कुठाय

दोन गोष्टी जोडतो, कुणाच्या बाजूनं नाही. एक, १६५५ च्या कायद्यानं आदिवासींची गावं जेझुइटांच्या हाती आली, म्हणजे मजूर कुणाला किती द्यायचे याच्या किल्ल्याही त्यांच्याकडे आल्या. वसाहतवाल्यांचा राग नुसता दुष्टपणाचा नव्हता, धंद्याचाही होता. दोन, विएराची वडिलांकडची आजी स्वतः मिश्रवंशीय होती, एका सरदाराच्या घरी कामाला. इन्क्विझिशननं त्याची वंशावळ उकरली त्यात हे नोंदलं गेलं. यावरून तो काय 'असायला हवा होता' असं मी म्हणत नाही. पण पंचवीस वर्षांचा तो मुलगा कुणासमोर उभा होता, हे कळायला ते उपयोगी आहे.

वसईवाला

इन्क्विझिशनला सापडला कसा तो? राजाचा माणूस ना?

निळावंती

राजा १६५६ मध्ये मेला ना, तिथेच फासे पालटले.

खरं वैर जुनं होतं. विएराचं म्हणणं की ज्यू वंशाच्या नवख्रिस्ती व्यापाऱ्यांना छळून देशाबाहेर घालवू नका, त्यांचा पैसा वापरा. त्याच्या आग्रहानं १६४९ मध्ये ब्राझीलच्या व्यापाराची कंपनी निघाली आणि तिच्यात घातलेलं नवख्रिस्ती भांडवल इन्क्विझिशनला जप्त करता येणार नाही असं ठरलं. म्हणजे त्यांच्या उत्पन्नावरच घाव. ॲमस्टरडॅमला तर तो रब्बी मेनासे बेन इस्राएललाही भेटून आला होता.

पण पकडलं वेगळ्याच कारणानं. त्रांकोझो गावच्या बांदार्रा नावाच्या चांभारानं शंभर वर्षांपूर्वी भविष्याचे पद्यबंध रचले होते. विएराची त्यावर गाढ श्रद्धा. १६५९ मध्ये अमेझॉनकाठून त्यानं एका बिशपला पत्र लिहिलं: बांदार्राची भाकितं जुआंव चौथ्याबद्दल आहेत, ती सगळी खरी ठरलेली नाहीत, बांदार्रा खोटा नाही, म्हणजे राजा मेलेला असला तरी पुन्हा जिवंत होणारच. आणि मग पोर्तुगालचं 'पाचवं साम्राज्य' जगावर येणार. हे पत्र इन्क्विझिशनच्या हाती लागलं. कोइंब्राला चौकशी, १६६५ पासून कोठडी, आणि १६६७ च्या डिसेंबरात निकाल: यापुढे प्रवचन कायमचं बंद. राजवाड्यात सत्तापालट झाला म्हणून काही महिन्यांत सुटला.

अळूचं_फदफदं

थांबा थांबा. बांदार्रा खरा, राजा मेला, म्हणून राजा परत येणार? हे लॉजिक मी पगारवाढीला वापरतोय. साहेबांनी शब्द दिला होता, साहेब खोटं बोलत नाहीत, म्हणजे वाढ झालेली आहे, फक्त खात्यात दिसायची राहिलीय.

खापरपणजोबा

हसा, पण एवढ्या बुद्धीचा माणूस असा कसा घसरला याचं मला खरंच नवल वाटतं. 'भविष्याचा इतिहास' नावाचं पुस्तकही लिहायला घेतलं होतं त्यानं, अपुरंच राहिलं.

विदा_कुठाय

घसरला कुठे? त्याची प्रवचनं याच रीतीनं चालतात. बायबलचा एक शब्द घ्यायचा, तो खोटा असूच शकत नाही असं धरायचं, आणि तो खरा ठरवण्यासाठी सगळं जग वाकवायचं. व्यासपीठावर ती कला, पत्रात ते पाखंड.

गावठी_इतिहास

'विदा'नं पहिल्यांदा विदा न देता काहीतरी चांगलं लिहिलंय. दिनांक टिपून ठेवा.

मडगांवची_माय

रोमची गोष्ट राहिली. १६६९ ला गेला तो सहा वर्षं राहिला. इटालियन शिकून त्यात प्रवचनं दिली, स्वीडनची गादी सोडून आलेल्या क्रिस्तीना राणीला तो एवढा आवडला की तिनं त्याला आपल्याकडे ठेवून घ्यायचं म्हटलं. तिच्या महालात एकदा वाद रंगला: जग हसण्याच्या लायकीचं की रडण्याच्या? दाखले दोन ग्रीक तत्त्वज्ञांचे: एका जेझुइटानं हसणाऱ्या डेमोक्रिटसची बाजू घेतली, विएरानं रडणाऱ्या हेराक्लिटसची.

निघताना, १६७५ मध्ये, पोप दहाव्या क्लेमेंटकडून कागद घेतला की पोर्तुगालच्या इन्क्विझिशनला या माणसाला हात लावता येणार नाही. तोवर पोपनं त्या इन्क्विझिशनचं कामच स्थगित केलं होतं, ते १६८१ पर्यंत. गोव्यात राहून हे वाचताना बरं वाटतं, पण त्याचं भांडण नवख्रिस्ती लोकांसाठी होतं, आमच्या पूर्वजांसाठी नव्हे, हेही लक्षात ठेवावं लागतं.

वसईवाला

अवांतर: ब्राझीलमध्ये मिरी-दालचिनी लावायचा खटाटोपही त्याच काळातला ना?

साओपावलोकर

हो. डचांनी पूर्वेकडचा मसाला पळवल्यावर पोर्तुगिजांनी हिंदुस्थानातून रोपं मागवली. बाइयाजवळच्या जेझुइटांच्या मळ्यात ती लावली. म्हातारा विएरा राहायचा त्याच मळ्यात.

खापरपणजोबा

निळावंतीताई, तुमचा प्रश्न हरवायच्या आत. याचं उत्तर विएरानंच दिलंय. १६५५ मध्ये राजवाड्याच्या चर्चमध्ये त्यानं प्रवचन कसं करावं यावरच प्रवचन केलं. पेरणाऱ्याचा दाखला. जगात एवढे उपदेशक, तरी देवाचं बी उगवत का नाही? दोष देवाचा नाही, श्रोत्यांचाही नाही, आपला आहे म्हणाला. मग फॅशनेबल उपदेशकांना सोलून काढलं. एका बाजूला 'पांढरं' म्हटलं की दुसऱ्या बाजूला 'काळं' यायलाच हवं, अशी शब्दांची बुद्धिबळं मांडता, देवानं आकाशात तारे असे मांडलेत का? कृतीशिवाय शब्द म्हणजे गोळीशिवाय बार.

आणि तुमच्या कामाचं हे: प्रवचनाला विषय एकच असावा. शेतकऱ्यानं आधी गहू पेरला, त्यावर राय, त्यावर मका, त्यावर जव, तर उगवेल काय? रान माजेल, नुसता हिरवा गोंधळ.

विदा_कुठाय

आणि हे सांगणारा स्वतः शब्दांची बुद्धिबळं खेळण्यात सगळ्यांचा बाप होता. पण सल्ला चांगला आहे.

निळावंती

सगळ्यांचे आभार. काका, हिरवा गोंधळ मीच पेरत होते.

काल सावळ्या म्हणतात ते चौदावं प्रवचन पुन्हा बसून वाचलं. त्यात कारखान्याचं रात्रीचं वर्णन आहे: भट्ट्या सतत पेटलेल्या, ज्वाळा उसळतायत, घामानं न्हालेले काळे लोक जाडजूड सरपण आगीत लोटतायत, कढया म्हणजे उकळती तळी, चाकांचा आणि साखळ्यांचा आवाज, रात्रीच्याच रंगाची माणसं, आणि सगळं एकदम कण्हतंय, क्षणाची उसंत नाही. कारखान्याला तिथे 'गोड नरक' म्हटलंय. असं लिहिणाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याला ते सहन होत नाहीये. आणि त्याच माणसानं थोड्या वेळात 'सोसा' म्हणून सांगितलंय.

मी एवढं एकच प्रवचन घेणार. जन्म, मृत्यू, दरबार पाच मिनिटांत. मग वर्णन वाचून दाखवणार, लगेच 'सोसलंत तर' वाचणार, आणि पुढचा वेळ लोकांना. मासे नाहीत, व्याकरण नाही. जिवावर येतंय, पण नाहीत.

गावठी_इतिहास

माशांचं पुढच्या वर्षी करा. पण 'सहन होत नाहीये' हे तुमचं वाचन झालं हं. तो सुंदर लिहीत होता एवढंच सिद्ध होतं.

निळावंती

असेल. कट्ट्यावर हाच वाद झाला तर मला हवाच आहे.

सावळ्या

१६९१ चं पत्रही घ्या, शेवटी नको, त्या वर्णनाच्या लगेच नंतर. मधली अठ्ठावन्न वर्षं सांगायची गरज नाही.

निळावंती

घेते. त्यातला कुठला भाग वाचू ते व्यनि करता का?

सावळ्या

पाठवला. कारणं पाच आहेत, पाचवं वाचा.